रेवडीची उजवी बाजू

दौलतने डब्याचं झाकण काढून चमचा आत घातला, तेवढ्यात मी त्याच्यासमोरचं घमेलं उचललं आणि भिजवलेला सगळा कोंडा उकिरड्यावर पालथा केला.

"हे काय केलंत दाजी?"

"ओतला."

"ते दिसलं मला. का ओतला?"

मी घमेलं नळाखाली धरलं. दौलत हातातला चमचा तसाच घेऊन उभा राहिला. चमच्यात पिवळट पावडर होती, तिला गुळासारखा वास यायचा. डब्यावर एका काळ्याभोर घोड्याचं चित्र होतं. तो घोडा डोळे मिटून उभा होता.

दौलत माझ्या बायकोचा, अंजिराचा, धाकटा भाऊ. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पुढे माणसाने पायी जायचं, नाहीतर घोड्यावर. त्या नाक्यावर आम्ही घोडे घेऊन उभे राहायचो, तोच आमचा तळ. दौलतचे तिथे चार-पाच घोडे होते, माझी एकच घोडी. तळावर त्याचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. तो डबा त्याने मुंबईहून, रेसच्या घोड्यांकडे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवला होता आणि त्याबद्दल माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. रेसचे घोडे बिथरतात, त्यांना देतात म्हणे.

अंजिरा दिवाळीनंतर गेली. ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली.

घोडीचं नाव रेवडी. पांढरी, आणि अंगभर तपकिरी बारीक ठिपके, रेवडीवर तीळ चिकटवावेत तसे. नाव अंजिरानेच ठेवलं होतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात काही नाव ठेवायचं तर ते घोड्यांनाच. माझ्या बापाच्या वेळी आमच्याकडे शेरा, राजा, बादशहा असले घोडे होते. अंजिरा आली, आणि काही वर्षांनी रेवडी आली. तळावरचे लोक हसले. अंजिरा म्हणाली होती, बादशहा लाथा मारत होता, माझी रेवडी मारणार नाही.

आणि रेवडीने कधी मारली नाही. सात-आठ वर्षं तिने लहान पोरं वाहिली, म्हाताऱ्या बायका वाहिल्या, एकदा एक नवरा-नवरी हट्टाने दोघं एकदम बसले तेही वाहिले. मी डावीकडून लगाम धरून चालायचो. अंजिरा उजवीकडून. घोडेवाल्याची बायको बरोबर फिरते असं आमच्याकडे फारसं नव्हतं, पण तिला घरी बसून करमायचं नाही. घोड्यावर बसलेल्या बाईची पर्स धर, पोराचा पाय रिकिबीत नीट घाल, अशी तिची कामं असायची. आणि सगळा वेळ बोलायची. पाहुण्यांशी नाही, घोडीशी. रेवडीच्या मानेवर हात ठेवून तिला माझ्या तक्रारी सांगायची. "बघ ग रेवडे, आमचं मुकं आज पण भाकरी विसरून आलं." मला ती मुकं म्हणायची. मी कमी बोलतो म्हणून. पाहुणे हसायचे. मी पुढे बघून चालायचो.

ती गेल्यावर महिनाभर मी तळावर गेलो नाही. नंतर गेलो, तर रेवडी बुजायला लागली. पाचोळा उडाला, बुजली. हातरिक्षा खडखडत गेली, बुजली. पाहुण्याने छत्री उघडली, तर दोन पायांवर उभी राहिली. मग एकदा शार्लोट तलावाकडे जाताना फांदीवरून माकडाने उडी मारली आणि तिने असा काही झोका घेतला, की नाशिकचा एक सद्गृहस्थ कॅमेऱ्यासकट लाल मातीत पडला. खांदा दुखावला त्याचा. तो बिचारा काही बोलला नाही, पण तळावर सगळे बोलले.

घोडी वेडी झाली, असं ठरलं. अंजिराताईच्या मागे वेडी झाली. इक्बालचाचा, आमच्या तळावरचे सगळ्यांत जुने, ते म्हणाले की जनावर माणसापेक्षा जास्त रडतं, फक्त दिसत नाही. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आवडलंही होतं. घरी कुणीतरी माझ्याबरोबर रडतंय असं वाटायचं.

मग दौलतने तो डबा आणला.

पावडर सुरू केल्यावर रेवडी शांत झाली, यात खोटं काही नाही. हातरिक्षा गेली तरी मान वर करेना. माकडं तोबऱ्यातले हरभरे पळवून न्यायला लागली तरी उभी. मी सकाळी दार उघडलं की पूर्वी ती खिंकाळायची, ते बंद झालं. गुळाचा खडा हातावर धरला तर ओठाने चाचपायची आणि सोडून द्यायची. तळावर लोक म्हणाले, बघा, आली की नाही जागेवर. दौलत म्हणाला, दाजी, आता काळजी मिटली. मला मात्र तिच्याकडे बघवेना. कुणाची तरी आठवण व्हायची, आणि ती मला होऊ द्यायची नव्हती.

म्हणून त्या सकाळी मी कोंडा ओतला.

"मी फुकट नाही आणलं ते," दौलत म्हणाला.

"घेऊन जा मग."

"आणि उद्या कुणाचं पोर पडलं तर? तुमच्या एका घोडीपायी सगळ्यांचं तोंड काळं. पाहुणा म्हणेल, माथेरानचे घोडे पाडतात. तो माणूस आपल्या गावात जाऊन शंभर जणांना सांगणार."

यात त्याचं चुकत नव्हतं. मी तसं म्हणालोही.

"मग पावडर द्या."

"देणार नाही."

"मग विका. बदलापूरचा तो लग्नाचा घोडेवाला मागतोय. आजच हो म्हणेल."

त्या माणसाला मी ओळखत होतो. त्याच्या घोड्या बँडपुढे, फटाक्यांत, रंगीत दिव्यांत नवरदेव घेऊन उभ्या राहायच्या. कशा उभ्या राहायच्या तेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो काय चारायचा ते कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसायचं.

"विकणारही नाही," मी म्हणालो.

"पावडर नाही, विकायची नाही. मग करणार काय?"

"बघतो."

"काय बघणार?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

दौलत चिडला. त्याने डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाला, की हे माझ्या एकट्याच्या हातात नाही, तळावरच्या पाच जणांना जबाब द्यावा लागतो. शनिवारी घोडी तळावर आणा. पावडरीशिवाय. नाक्यापासून बाजारापर्यंत सगळ्यांसमोर चालवा. नीट चालली तर तिची जागा तिला. बुजली तर बदलापूरवाल्याला मी तिथेच उभा करून ठेवतो.

"चालेल," मी म्हणालो. "पण स्वार तू."

त्याने चमचा ओट्यावर टाकला. मग म्हणाला, "ताई होती तेव्हा तुम्ही इतके हट्टी नव्हता."

"ती होती तेव्हा लागत नव्हतं."

तो गेला. जाताना डबा नेला नाही. मला वाटतं मुद्दाम ठेवला.

पावडर उतरायला दोन-तीन दिवस गेले. मग रेवडी परत खिंकाळायला लागली आणि परत बुजायला लागली. मी तिला तळावर नेलं नाही. घरासमोरच्या मोकळ्या जागेत बांधायची आणि समोर उकिडवं बसून राहायचं, एवढंच काम मी केलं. येणारेजाणारे विचारायचे, काय गेनबा, घोडीला नजर लावतोस काय. मी म्हणायचो, हो.

बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. शेजारच्या घरचा कोंबडा तिच्या पायांतून हिंडायचा. कधी तो फडफडला तरी ती शेपूट हलवायची नाही, आणि कधी नुसता चालत आला तरी चारी पायांवर उडायची. एकच कोंबडा, एकच घोडी. भित्री असती तर दोन्ही वेळा भ्याली असती. दुःखात असती तरी दोन्ही वेळा.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. घोड्याकडे डावीकडून जायचं. खोगीर डावीकडून चढवायचं, पट्टा डावीकडून आवळायचा, बसायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून, लगाम धरून चालायचं तेही डावीकडून. मी चालायला लागलो तेव्हाच बापाने हे शिकवलं. उजवीकडून घोड्याला हात लावणारा दिसला की तो बाहेरचा, हे आम्ही लांबून ओळखतो. तळावर तेव्हा निदान शंभर घोडे असतील, आणि घोड्याला उजवी बाजू असते हे आमच्यातल्या कुणाला सहसा आठवायचं कारण नव्हतं.

आमच्या घरात उजवी बाजू अंजिराची होती. खरारा करायचा तो डावीकडून मी आणि उजवीकडून ती, मध्ये घोडी. ती गेल्यावर मी दोन्ही बाजू करायला लागलो. उजवीकडे गेलो की रेवडी अंग चोरायची, ढुंगण फिरवायची, एकदा मला भिंतीशी चेपलंही. मी मनात म्हणायचो, तिचा हात शोधतेय.

त्या दिवशी दुपारी मी उठलो आणि काही न बोलता उजवीकडून तिच्या डोक्यापाशी गेलो. डोळ्यासमोर हात नेला. बोटं हलवली. मूठ करून अंगावर धावून गेल्यासारखं केलं. रेवडी कान टवकारून समोर बघत उभी. पापणीसुद्धा हलली नाही. मग मी डावीकडे जाऊन तेच केलं, तर तिने मान एवढी झटकली की दोरी तुटायचीच बाकी राहिली.

मी खाली बसलो. 

डोळा गळायचा तिचा, अधूनमधून. उजवाच. लाल व्हायचा, पाणी यायचं, आठ दिवसांनी बरा व्हायचा. अंजिरा कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसायची. धूळ जाते, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, धूळ एकाच डोळ्यात कशी जाईल.

नेरळहून जनावरांचे डॉक्टर त्याच दिवशी वर येणार होते, बिवलकर. त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी रेवडीला सावलीत उभं करून डोळ्यात बॅटरी मारून बघितलं. वेळ लावून बघितलं, मग बॅटरी खिशात घातली.

"आत सूज येऊन येऊन डोळा गेलाय. बाहेरून कळत नाही पटकन. जरा लहान वाटतो, बघा, या डोळ्यापेक्षा. तुमच्या कधी लक्षात आलं?"

"आज."

"आज? अहो, हा दोन-तीन वर्षं तरी जात असणार हळूहळू. शेवटचं वर्षभर तर काहीच दिसत नसेल. बुजत नव्हती का?"

"नाही. वर्षभरापूर्वी नाही. आता दिवाळीपासून बुजते."

डॉक्टर म्हणाले, तसं होणार नाही. एका बाजूने दिसेनासं झालं की घोडं त्या बाजूला बुजणारच. काय येतंय ते त्याला अंगावर आल्यावरच कळतं. तुम्हाला आठवत नसेल.

 मला आठवत होतं.

ओट्यावरचा डबा त्यांना दिसला. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. म्हणाले, हे काही विष नाही. एखाद्या घोड्याला लागूही पडतं, विनाकारण जो बिथरतो त्याला. पण आधी कारण बघायचं असतं. आणि डबा केवढा रिकामा झालाय ते बघता कुणीतरी मापापेक्षा फार जास्त दिलेलं दिसतंय.

ते गेल्यावर संध्याकाळी मी दौलतला बोलावून घेतलं. त्याच्यासमोर रेवडीच्या उजव्या डोळ्यापुढे हात नाचवला. त्याने स्वतः करून बघितलं. दोनदा. घोड्यांत वाढलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्याच्या तोंडावरचा राग उतरला आणि तो ओट्यावर टेकला.

"आपल्याला कुणालाच कसं कळलं नाही, दाजी?"

"आपण सगळे डावीकडे असतो."

 मग त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, तो मला दिसत होता. त्याने तो समजुतीच्या सुरात मांडला. डोळा परत येणार नाही. म्हणजे ती भिणारच. त्यात तिचा दोष नाही, मान्य. पण मग पावडर तर हवीच ना? मापात देऊ. कमी देऊ. डॉक्टरसुद्धा वाईट म्हणाला नाही. भीती गेली की जनावराला पण बरं.

मी डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"दौलत, अंजिराला खाली डॉक्टरकडे तू घेऊन गेला होतास."

तो डब्याचं झाकण चाचपायला लागला.

"मी तळावर होतो. सीझन होता. मी तुला दोष द्यायला नाही विचारत. मला फक्त परत सांग. काय सांगितलं होतं तिने त्याला?"

"दाजी, जाऊ द्या ना."

"सांग."

"चढ चढताना जीव घाबरा होतो म्हणाली. छातीत धडधडतं. रात्री दचकून उठते. हाताला घाम येतो."

"आणि तो काय म्हणाला?"

"ताई मनाला फार लावून घेतात. मूलबाळ नाही, या वयात बायकांना होतं असं."

"आणि?"

"गोळी दिली. शांत राहायची."

"झाली शांत?"

दौलत डब्यावरच्या त्या डोळे मिटलेल्या घोड्याकडे बघत बसला.

"झाली," मी म्हणालो. "बरोबर यायची थांबली. भांडायची थांबली. रात्री दचकायची नाही. तू म्हणालास, ताईला आता बरं वाटतंय. मीही म्हणालो. शेजारचेही म्हणाले. कुणाची काही तक्रार राहिली नाही. आणि एका सकाळी ती उठलीच नाही. नंतर दुसरा डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहीत आहे. हृदयाची झडप. ते काळीज महिनोन् महिने सांगत होतं, आणि आपण त्याला गप्प बसवलं."

दौलतने डोळे पुसले नाहीत. नुसते वाहू दिले.

"ती घाबरट नव्हती," मी म्हणालो. "आणि ही पण नाही. हिला एका बाजूने दिसत नाही, म्हणून ही दचकते. दचकू दे. माझ्या घरात आता कुणी शांत व्हायचं नाही."

जाताना तो डबा घेऊन गेला. शनिवारचं काय, असं त्याने विचारलं नाही. दारातून मीच म्हणालो, शनिवारी येतोय. बदलापूरवाल्याला पण बोलाव.

शनिवारी नाक्यावर सगळे जमले होते. तळावरचे पंच, रिकामे घोडेवाले, चहावाला, हमाल. बदलापूरवाला खरंच आला होता, पांढऱ्या बुटांत. त्याने रेवडीला बघितलं आणि रंग झकास आहे म्हणाला, लग्नात उठून दिसेल. मी त्याला म्हणालो, जरा थांबा, चहा घ्या.

दौलत डावीकडून रेवडीवर बसला. मी पुढून वळसा घालून उजवीकडे गेलो आणि उजव्या बाजूचा लगाम धरला.

"ओ गेनबा," मागून कुणीतरी ओरडलं, "बाजू चुकली."

"बायकोच्या जागेवर गेला," दुसरा म्हणाला, आणि दोघं-चौघं हसले. "आता पाहुण्यांच्या पर्सा धरणार."

"धरीन," मी म्हणालो. "तुझीही दे."

इक्बालचाचा हसले नाहीत. ते माझ्याकडे, मग घोडीकडे आणि मग तिच्या डोळ्याकडे बघायला लागले.

आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर मला कळलं, नुसतं बाजूला चालून भागणार नाही. रेवडीच्या उजव्या कानाचं टोक थरथरत होतं, अंगावर बारीक शहारा येत होता. तिला मी दिसत नव्हतो. मी असलो काय, नसलो काय, तिच्या लेखी तिकडे काळोख. मी मानेवर हात ठेवला, तरी पायाखालून पाचोळा सरकला तशी ती आडवी फिरली. वरून दौलतने लगाम सावरला. मागून येणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. चढावरून एक हातरिक्षा खाली येत होती. उजवीकडूनच. लोखंडी चाकांचा तो खडखडाट मला दुरून ऐकू येत होता, म्हणजे तिला कधीपासूनच येत असणार.

अंजिरा सगळा वेळ बोलायची. ते मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि त्याला बडबड म्हटलं होतं. त्या बोलण्यावरून घोडीला कळायचं की इकडे कोण आहे, किती लांब आहे, वाट किती रुंद आहे. कोण येत असलं तर अंजिराचा आवाज बदलायचा, आणि रेवडीला आधी समजायचं. तिला डोळ्याचं ठाऊक होतं का? मला माहीत नाही. मला सांगितलं असेलही. आमचं मुकं ऐकायचं कुठे.

मला बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते येत नव्हतं.  हातरिक्षा जवळ आली. शेवटी जे येत होतं तेच बोललो.

"बघ ग रेवडे," मी म्हणालो, "आमचं मुकं आज पण भाकरी विसरून आलं."

कान वळला.

"परवा रात्री आमटी केली, तीत मीठ नाही. दोन दिवस तीच खातंय. कुणाला सांगणार? सदऱ्याचं बटण तुटलंय, टाचणी लावलीय. टाचणी. घोडेवाला आहे की लिंबू-मिरची? हं, रिक्षा येतेय ग इकडून. येऊ दे. खडखड करते नुसती, पोटात काही नाही तिच्या. आली. आली. गेली बघ. गेली ना? एवढ्याला काय भ्यायचं. ह्या बाबाचा चेहरा रोज बघतेस, त्याला भीत नाहीस ती."

रेवडीचं अंग माझ्या हाताखाली थरथरत होतं, पण पाय सरळ पडत होते. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू झालं नसतं. अंजिराने सांगितलेल्या माझ्या सगळ्या तक्रारी मी माझ्या तोंडाने सांगितल्या. घोरतो. सासुरवाडीला गेला की पोटभर जेवतो आणि दोन शब्द बोलत नाही. आजारी पडला की लपवतो, आणि दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही. पंधरा वर्षं झाली, एकदा नाटक दाखवीन म्हणाला होता. माकडं आली, फांदीवरून खाली उतरली, एक तर अगदी उजव्या अंगाला येऊन बसलं. मी त्यालाही शिव्या दिल्या, अंजिरा द्यायची तशा, त्याच्या खानदानाचं नाव घेऊन. रेवडीने नाक फुरफुरलं आणि पुढे चालली.

 मागून येणाऱ्यांचं हसू कधी बंद झालं ते मला कळलं नाही.

बाजारात पोहोचलो. तिथल्या गर्दीतून, पिशव्या हलवणाऱ्या पोरांतून, चपला विकणाऱ्यांच्या ओरड्यातून तिला फिरवलं आणि थांबलो. माझा घसा बसला होता. तोवर बदलापूरवाला धापा टाकत येऊन पोहोचला. त्याचे पांढरे बूट लाल झाले होते. त्याने दौलतला विचारलं, मग काय ठरलं?

"घोडी विकायची नाही," दौलत म्हणाला. "तुम्ही उगीच चढून आलात."

पुढे पंच म्हणाले, एका डोळ्याच्या घोडीवर पाहुणे बसवता येणार नाहीत. मी म्हणालो, बरोबर आहे, नाही बसवत. तेव्हापासून ती दुधाच्या किटल्या, भाजी आणि पाहुण्यांच्या बॅगा वाहते आणि तळावरची तिची जागा तिला आहे. कमाई कमी झाली. मी उजवीकडून चालतो आणि बोलतो. नवीन पोरं अजून ओरडतात, बाबा, बाजू चुकली. ओरडू दे.

पण त्या दिवशी बाजारात हे काही ठरलेलं नव्हतं. सगळे गोळा होऊन बघत होते आणि दौलत अजून घोडीवरच बसून होता. मग त्याने डावा पाय रिकिबीतून काढला, घोडीच्या पाठीवरून इकडे घेतला आणि उजवीकडे, माझ्या बाजूला खाली उतरला. त्याच्यासारख्या घोडेवाल्याने. सगळ्या तळासमोर.

तो माझ्याजवळ उभा राहिला. त्याने रेवडीच्या मानेवर, माझ्या हाताशेजारी, आपला हात ठेवला. मी बोलायचा थांबलो होतो, आणि कुठून तरी डबा पडल्याचा आवाज आला तसा तिचा कान लगेच फडफडला.

"थांबू नका दाजी," दौलत म्हणाला. "नाटकाचं काय ते सांगा पुढे."